विदर्भाच्या जंगलात शिळावर्तुळ कसे ओळखावे, कसे नोंदवावे

सागाच्या जंगलात, नाल्याच्या वरच्या मुरमाड चढावर मोठाले दगड गोलाकार मांडलेले दिसले आणि त्या गोलाच्या आत मातीगोट्यांचा बसका उंचवटा असला, तर ते बहुतेक वेळा महापाषाण संस्कृतीच्या, म्हणजे मोठ्या शिळा मांडून दफने करणाऱ्या लोकांचे दफन असते. काळ साधारण इ.स.पू. पहिले सहस्रक, म्हणजे विदर्भात लोखंड वापरात रुळले तो काळ. या लोकांनी लिहून ठेवलेला एक शब्दही आपल्याकडे नाही. आहेत ती त्यांची दफने, काही वस्त्यांचे अवशेष आणि या दोहोंची एकमेकांशी असलेली जागेची नाती.

या वर्तुळांकडे अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकातच गेले. नागपूरजवळच्या जुनापाणीबद्दल जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली लिहिले. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७० ते ७२ दरम्यान माहुरझरी खणले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. एवढे होऊनही नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात नीट नोंद न झालेली वर्तुळे आजही आहेत. मुरमाची खाण, नवा लेआउट, रोपवनाचे खड्डे, गुप्तधनाच्या नादाने मारलेली पहार यांपैकी काहीही त्यांना एका रात्रीत नाहीसे करू शकते. ज्याची नोंद नाही ते गेले, तर गेले हेसुद्धा कुणाला कळत नाही.

हा लेख नवख्यांसाठी आहे: इतिहासाची आवड असलेले शिक्षक, विद्यार्थी, वनरक्षक, ट्रेकिंग करणारे. उत्खनन तज्ज्ञांचे काम आहे आणि त्याला परवाना लागतो. पण जमिनीवर जे दिसते त्याची अचूक नोंद कुणीही शिकून करू शकतो, आणि आज तिचीच जास्त गरज आहे असे माझे ठाम मत आहे.

आधी डोळा तयार करा

थेट जंगलात शिरू नका. नागपूरच्या वायव्येला काटोल रस्त्याच्या बाजूला जुनापाणी आहे. तिथे शंभराहून अधिक वर्तुळे आहेत आणि ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून संरक्षित आहेत. अर्धा दिवस काढून तिथे फक्त पाहत फिरा. पुढचे सगळे त्या अर्ध्या दिवसावर उभे राहते.

काय पाहायचे? पहिले म्हणजे कडेचे दगड. ते आकाराने मोठे असतात, बरेचसे एकट्या माणसाला हलणारही नाहीत असे. दगड बहुधा जवळपास मिळणाराच असतो. नागपूरच्या आसपास तो काळा बेसाल्ट आहे. पूर्वेकडे भूगर्भ बदलतो तसा दगडही बदलतो. काही दगड उभे, काही आडवे, काही निम्मे जमिनीत रुतलेले. दुसरे म्हणजे आतला भराव. दफनावर माती, मुरूम, गोटे टाकून उंचवटा केलेला असतो. काही ठिकाणी ही माती काळी, चिकण आणि मुद्दाम दुसरीकडून आणलेली असते. आजूबाजूला तांबूस मुरूम आणि वर्तुळात काळी माती असा फरक एकदा ओळखीचा झाला की तो दुरूनही कळतो. काही वर्तुळांत तर गवत आणि झुडपेही बाहेरच्यापेक्षा वेगळी दिसतात. तीन हजार वर्षांचा पाऊस खाऊन हा उंचवटा आता बसलेला आहे. कित्येकदा तो गुडघ्याएवढाही उरलेला नाही.

तिसरी गोष्ट दगडांवरच्या वाट्या. काही शिळांवर लहान, गोल, गुळगुळीत खळगे कोरलेले असतात, अनेकदा ओळीने. रिव्हेट-कार्नॅक यांना याच खळग्यांचे मोठे कुतूहल होते. इथे घाई करू नका, कारण बेसाल्टमध्ये लाव्हाच्या बुडबुड्यांनी पडलेली भोकेही असतात. ती वेडीवाकडी, लहानमोठी आणि दगडभर विखुरलेली असतात. माणसाने कोरलेल्या वाट्या साधारण एका मापाच्या असतात, कडा घासलेल्या असतात आणि मांडणीत काही क्रम दिसतो.

जुनापाणीलाच एक व्यायाम करा. एक वर्तुळ निवडा, मध्यभागी एकाने उभे राहा, दुसऱ्याने टेप घेऊन आठ दिशांना कडेच्या दगडांपर्यंतचे अंतर मोजा. आठही आकडे एकमेकांच्या बरेच जवळ येतात. हाच ताळा पुढे जंगलात उपयोगी पडणार आहे.

घरी बसून करायचा शोध

युरोप-अमेरिकेत जंगलाखालचे दफन-उंचवटे शोधायला विमानातून लेसर टाकून जमिनीचा नकाशा करतात. झाडे पुसली जाऊन नुसती भुई दिसते. आपल्याकडे असा तपशीलवार डेटा सामान्य माणसाच्या हाती सहज येत नाही. म्हणून उपग्रहचित्रे, नकाशे आणि पाय.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे डाउनलोड करता येतात. त्यांत समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असल्याने मीटरभराचा उंचवटा दिसणार नाही, पण नाले, तलाव, उंचवट्याचे माळ, पायवाटा आणि ओसाड गावांची नावे दिसतात. मग गूगल अर्थ प्रो उघडा आणि जुन्या तारखांची चित्रे पाहण्याची सोय वापरा. सागाचे जंगल पानगळीचे आहे, त्यामुळे मार्च ते मेमधले चित्र निवडा. पावसाळ्यानंतरच्या चित्रात नुसते हिरवे छत दिसेल. चांगल्या चित्रात १०-१५ मीटर व्यासाचे वर्तुळ ठिपक्यांच्या कड्यासारखे दिसते. एकच कडे दिसले तर संशय ठेवा. शेजारी चार-सहा दिसली तर तिथे जायलाच हवे. इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावरची चित्रेही ताडून पाहा.

शोधायचे कुठे याचा एक ढोबळ नियम आहे. या लोकांनी सुपीक काळी जमीन दफनासाठी फारशी वापरलेली दिसत नाही. वर्तुळे मुरमाड, खडकाळ, शेतीला नालायक उंचवट्यावर असतात आणि पाणी फार लांब नसते. म्हणून नकाशावर नाला किंवा नदी धरा, तिच्या वरच्या अंगाचा मुरमाड माळ पाहा आणि मग काठाला पांढरीचे टेकाड कुठे आहे ते शोधा. पांढरी म्हणजे राखाडी, भुसभुशीत, खापऱ्यांनी भरलेली माती, जुन्या वस्तीची खूण. टाकळघाटला वस्तीचे टेकाड आणि खाप्याला वर्तुळे, ही जोडी याचे उत्तम उदाहरण. जंगलात एखादे वर्तुळ सापडले की ही वस्ती कुठे असेल हा प्रश्न मनात ठेवूनच पुढे चाला.

परवानगी आणि गावकरी

राखीव किंवा संरक्षित जंगलात काम करायचे तर आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: कोण, किती जण, कुठल्या कक्षात (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागात), कोणत्या तारखांना, काय करणार आणि काय करणार नाही. 'खोदकाम नाही, दगड हलवणार नाही, काहीही गोळा करणार नाही' हे वाक्य अर्जात ठळक घाला. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्प असेल तर वन्यजीव विभागाची वेगळी परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच अर्ज करा.

बऱ्याच गावांना, विशेषतः गडचिरोली आणि चंद्रपूरमध्ये, सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय जाऊ नका. हा केवळ शिष्टाचार नाही, जंगल त्यांच्या व्यवस्थापनाखाली आहे. आणि खरे सांगायचे तर वर्तुळांची सगळ्यांत चांगली माहिती याच लोकांकडे असते. मोह वेचणाऱ्या बायका, तेंदूपत्ता तोडणारे, गुराखी वर्षातून अनेकदा त्याच जागेवरून जातात. विचारायची पद्धत मात्र साधी हवी. "काकू, इथं जंगलात कुठं गोल मांडलेले मोठे दगड पाह्यले का?" असे विचारा, 'महापाषाण' म्हणू नका. सोबत फोनमध्ये जुनापाणीचा फोटो दाखवा. जुने लोक अशा जागा गवळी राजांच्या किंवा पांडवांच्या नावाने सांगतील. ते नाव, ती गोष्ट जशीच्या तशी लिहून घ्या आणि दुरुस्त करू नका.

गडचिरोलीत माडिया समाज आपल्या मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतो. ती जिवंत परंपरा आहे. असे उभे दगड दिसले तर ते प्रागैतिहासिक म्हणून नोंदवू नका, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय फोटोही काढू नका. काही जुनी वर्तुळेही आज एखाद्या देवाचे ठाणे असतात: शेंदूर, नारळ, लाल फडके. तिथे चपला बाहेर काढा, मोजायचे का हे पुजाऱ्याला किंवा गायत्याला (आदिवासी गावाच्या पुजाऱ्याला) विचारा. नाही म्हणाले तर लांबून वर्णन लिहा आणि पुढे चला.

केव्हा जायचे, कसे सांभाळायचे

उत्तम काळ फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलची सुरुवात. गवत वाळून बसलेले असते, पाने गळालेली असतात, ऊन अजून भाजत नाही. अडचण सागाच्या पाल्याची. एक पान सुपाएवढे आणि खाली घोटाभर थर. वणवा जाऊन गेलेल्या जागी दगड उघडे पडलेले असतात, तिथे आवर्जून पाहा. पण पाहायला सोपे जावे म्हणून काडी लावण्याचा विचारही करू नका. तो गुन्हा आहे, आणि आगीने तापून शिळांचे पापुद्रे सुटतात.

मोहफुलांच्या दिवसांत अस्वले पहाटे झाडाखाली येतात. वाघ-बिबट्यांचा भाग तर आहेच. एकट्याने जायचे नाही, वनरक्षक किंवा गावातला जाणकार सोबत हवाच आणि सूर्य वर आल्यावरच आत शिरायचे. गोट्यांच्या ढिगात घोणस आणि विंचू हमखास. हात घालण्याआधी लांब काठीने चाचपा, पायात बूट घाला.

पावसाळ्यात शोधाला जाऊ नका. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे, ते सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतत होते. वाटेत नाल्याला पूर आला आणि त्यात ते बुडून गेले. विदर्भातला नाला आजही तसाच अचानक चढतो.

चालण्याची शिस्त

चौघे-पाच जण असाल तर एका ओळीत उभे राहा. विरळ जंगलात दोघांमध्ये १०-१५ मीटर, दाट झाडीत ५-८ मीटर अंतर. होकायंत्राने दिशा ठरवून सगळ्यांनी एकाच गतीने त्या दिशेने चालायचे. शेजाऱ्याचा आवाज येत राहिला पाहिजे. ठरलेल्या टोकाला पोचलात की ओळ सरकवून परत या. फोनमध्ये चाललेल्या वाटेची नोंद चालू ठेवा. जिथे काही सापडले नाही तो पट्टाही नकाशावर दाखवायचा आहे. नाहीतर पुढचा माणूस तीच मेहनत पुन्हा करेल, किंवा तिथे काही नाहीच असे समजून बसेल, जेव्हा तुम्ही तिथे गेलाच नव्हता.

काही दिसले की तो हाक मारतो आणि सगळे थांबतात. कुणीही वर्तुळात शिरत नाही. आधी बाहेरून एक फेरी.

वर्तुळ आहे की दुसरेच काही?

नवख्याची खरी परीक्षा इथे आहे. जंगलात माणसाने आणि निसर्गाने केलेल्या अनेक गोल गोष्टी असतात.

रिठी गावांजवळ, म्हणजे उठून गेलेल्या गावांजवळ, जुनी खळी सापडतात. खळे सपाट, चोपलेले असते, कडेचे दगड लहान, एका माणसाने उचलून ठेवलेले आणि आत भराव नाही. जवळ चिंचेचे जुने झाड, घरांची जोती, बुजलेली विहीर असेल तर खळ्याचा संशय बळावतो. बुजलेल्या विहिरीचा मध्य खोल असतो. पण लक्षात ठेवा, गुप्तधनासाठी कुणी वर्तुळाच्या मध्यात खड्डा मारला असेल तर तेही खोलच दिसते. अशा वेळी कडेचे दगड किती मोठे आहेत आणि उपसलेली माती कुठे पडली आहे ते पाहा.

गुरांच्या जुन्या वाड्याला दगडाची रचलेली भिंत आणि आत जायला जागा असते. कोळशाच्या जुन्या भट्टीची जागा गोल आणि काळी असते, पण ती काळी माती नसून कोळशाची पूड असते. बोटावर चोळली की कळते. जलसंधारणासाठी खणलेल्या सलग समतल चरांच्या कडेचे मातीचे ढीग उताराला आडवे ओळीने जातात. वनखात्याच्या हद्दीच्या खुणा दगडी ढीग असल्या तरी हद्दीच्या रेषेवर ठरावीक अंतराने येतात आणि त्यांवर बहुधा आकडा रंगवलेला असतो. मोठे झाड मुळासकट उन्मळले की खड्डा आणि शेजारी मातीचा उंचवटा अशी जोडी तयार होते, दगडांचे कडे नसते. वारुळाला तर कुणी फसत नाही, पण जुने, खचलेले, गवत उगवलेले वारूळ लांबून फसवते.

सगळ्यांत जास्त फसवतो तो नैसर्गिक बेसाल्ट. तो झिजताना गोल गोळे सुटतात आणि उतारभर विखुरतात. त्यातले काही योगायोगाने गोलात दिसतात, आणि शोधाच्या उत्साहात माणसाला ते वर्तुळच वाटते. अशा वेळी तीन प्रश्न विचारा. कडेचे दगड आसपासच्या विखुरलेल्या दगडांपेक्षा मोठे, निवडून आणल्यासारखे आहेत का? मधल्या जागेची माती बाहेरच्यापेक्षा वेगळी किंवा उंच आहे का? आठ दिशांच्या त्रिज्या जुळतात का? साधारण दहा टक्क्यांच्या आत जुळल्या, तर माझ्या दृष्टीने ती मांडणी आहे. तिन्हींना होकार असेल तर नोंदीत 'निश्चित' लिहा, दोहोंना असेल तर 'बहुधा', नाहीतर 'शंकास्पद'. शंकास्पद लिहायला लाजू नका. जिथे सगळेच निश्चित लिहिलेले असते त्या नोंदवहीवर अभ्यासक विश्वास ठेवत नाहीत.

चंद्रपूरकडे आणखी एक प्रकार भेटतो: उभ्या शिळांवर मोठी आडवी शिळा टाकून केलेली पेटीसारखी रचना, म्हणजे डॉल्मेन. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला अशा रचना आहेत. जंगलात छताची शिळा घसरून पडलेली असू शकते, म्हणून मोठी सपाट शिळा तिरकी पडलेली दिसली तर तिच्याखाली उभ्या शिळांचे तळ आहेत का ते वाकून पाहा.

नोंद

सामान थोडे आहे: ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा लहान टेप, होकायंत्र, फोन, आलेखाचा कागद, पेन्सिल, फळी, सुतळी, गवंड्याची पाणसळ आणि एक मीटरभर बांबू ज्यावर २० सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे रंगवलेले आहेत. पेन नको, घामाने शाई पसरते.

आधी क्रमांक. समूहाला गावाच्या नावाचे अक्षर, प्रत्येक वर्तुळाला आकडा. क्रमांक दगडावर खडूने किंवा रंगाने लिहायचा नाही, पाटीवर लिहून फोटोत दाखवायचा.

मग जागा. फोन वर्तुळाच्या मध्यावर जमिनीवर ठेवा आणि पाच मिनिटे थांबा. झाडीत उपग्रहांचे संकेत अडखळतात, चूक दहा मीटर किंवा त्याहून जास्त असू शकते. फोन जो अंदाजे फरक दाखवतो तोही लिहा. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवे स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. शेजारच्या वर्तुळांची परस्पर अंतरे मात्र टेप आणि होकायंत्रानेच घ्या. दोन वर्तुळांत पाच मीटर अंतर असेल आणि फोनची चूक दहा मीटर असेल, तर फोनच्या भरवशावर केलेल्या नकाशात ती एकमेकांवर चढतील.

होकायंत्राबद्दल एक खबरदारी. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्याची काळजी नको. पण बेसाल्टमध्ये लोहखनिज असते आणि शिळेवर होकायंत्र ठेवले तर काटा भलतीकडे वळू शकतो. ते हातात, शिळांपासून दूर धरा, आणि तीच दिशा उलट टोकाकडून पुन्हा घेऊन ताडा.

व्यास दोनदा मोजा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, कडेच्या दगडांच्या बाहेरच्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत. उंचवट्याची उंची काढायला माथ्यावर सुतळीचे एक टोक धरा, दुसरे वर्तुळाबाहेर न्या, पाणसळ लावून सुतळी आडवी करा आणि बाहेरच्या टोकाला बांबूने जमिनीपासूनची उंची वाचा. उतारावर हे चारही बाजूंना करा, कारण एका बाजूने उंचवटा दोन वीत दिसतो आणि दुसऱ्या बाजूने कमरेएवढा.

आता आराखडा. एकाने मध्यावर उभे राहायचे. खुंटी ठोकायची नाही, कारण तीही दफनात शिरते. मध्यापासून प्रत्येक दगडाची दिशा आणि अंतर घ्या आणि आलेखावर १ सेंटिमीटरला १ मीटर या प्रमाणात उतरवा. दगड घड्याळाच्या दिशेने उत्तरेपासून मोजा. ज्या जागी दगड असायला हवा होता पण नाही, तिथे 'रिकामे' लिहा. पडलेला, फुटलेला, सरकलेला दगड वेगळ्या खुणेने दाखवा. सर्वांत मोठ्या दगडाची लांबी, रुंदी, उंची लिहा. वाट्या असतील तर कोणत्या दगडावर, वर की बाजूला, आत की बाहेर, किती, कशा मांडणीत. वाट्यांचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात चांगला येतो. पाणी ओतून किंवा खडू भरून उठाव आणू नका.

फोटोंचा क्रम ठरवून टाका: पाटी, मग उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम या चार बाजूंनी पूर्ण वर्तुळ, मग मध्य, मग वैशिष्ट्याचे दगड. प्रत्येक फोटोत बांबू हवा. वेळ असेल तर वर्तुळाभोवती फिरत एकमेकांवर चढणारे साठ-सत्तर फोटो घ्या. त्यांतून नंतर संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करता येते.

पूर्ण नोंद कशी दिसते याचा हा कल्पित नमुना:

'क-७. निश्चित. व्यास उ-द १२.४ मी., पू-प १२.१ मी. कडेचे दगड २३, रिकाम्या जागा ४ (सर्व आग्नेयेला, जवळ नव्या बांधात तसेच दगड). दगड बेसाल्ट. सर्वांत मोठा १.३ × ०.९ × ०.७ मी., उत्तरेला. उंचवटा दक्षिणेकडून ०.८ मी., उत्तरेकडून ०.३ मी. भराव काळी माती व गोटे, आजूबाजूला तांबडा मुरूम. दगड क्र. ५ वर वाट्या ११, दोन ओळी, वरच्या बाजूला. मध्यात १.५ मी.चा खड्डा, कडेला उपसलेली माती ताजी. आत दोन साग, एक पळस. नाला पश्चिमेला सुमारे २०० मी. गावातले नाव: गवळ्याचा वाडा.'

आग्नेयेच्या त्या चार रिकाम्या जागा आणि ताजी माती यांवरून पाहणाऱ्याला कळते की दगड कुठे गेले आणि धोका आत्ताचा आहे. म्हणून नासधूस हा नोंदीचा शेवटचा रकाना म्हणून उरकू नका, तिच्यावर वेळ द्या.

समूह संपला की वर्तुळांबाहेर नजर टाका. खापऱ्या दिसतील, आतून आणि काठाला काळी, बाहेरून खाली तांबडी अशी भांडी या संस्कृतीची ठळक ओळख आहेत. काळा, जड, बुडबुड्यांचा, वितळून थिजल्यासारखा तुकडा दिसला तर तो लोखंड गाळल्याचा मळ असू शकतो आणि त्याची नोंद फार मोलाची आहे. हे सगळे जिथे आहे तिथेच, बांबू शेजारी ठेवून फोटो काढून, जागा टिपून सोडायचे. खिशात घातलेली खापरी फक्त खापरी उरते.

खणू नका, दाखवू नका

राखीव जंगलात जमीन खणणे किंवा दगड उचलणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. संरक्षित स्मारकांना १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. पण कायद्याच्या आधीची गोष्ट ही की हे माणसांचे दफन आहे. माहुरझरीला माणसांबरोबर घोड्याचेही अवशेष मिळाले, त्याच्या तांब्याच्या अलंकारांसह. कुणीतरी कुणाला मोठ्या मायेने, मोठ्या खर्चाने तिथे ठेवले आहे. थर, जागा, दिशा सांभाळून तज्ज्ञांनी उघडले म्हणून हे आज आपल्याला ठाऊक आहे. पहारीने उघडले असते तर गंजका तुकडा आणि चार मणी हाती आले असते.

वर्तुळांत सोन्याचे हंडे नसतात हे गावात बसून शांतपणे सांगा. आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप चिकटतात, ते काढून टाका. सार्वजनिक लेखात तालुक्याचे नाव पुरे.

नोंद कुणाकडे द्यायची

एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला, एक राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला, एक वनपरिक्षेत्र कार्यालयाला. नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांना कळवले तर जाणकार डोळे मिळतात. वनखात्याची प्रत मला सर्वांत तातडीची वाटते: पुढच्या वर्षीचे रोपवन कुठे, चर कुठे हे तिथेच ठरते, आणि कक्षाच्या नकाशावर आधीच खूण असली तर खड्ड्यांची ओळ दहा मीटर सरकवणे सोपे असते. ग्रामसभेला मराठीत, नकाशासह प्रत द्या आणि वाचून दाखवा.

कागद स्कॅन करून ठेवा, मूळ पेन्सिलची पाने फेकू नका. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकून घेतलेत तर सगळी वर्तुळे, नाला, पांढरीचे टेकाड आणि चाललेले पट्टे एका नकाशावर येतात आणि पुढचा रिकामा माळ कोणता ते आपोआप दिसू लागते.

पुढच्या फेब्रुवारीत त्याच समूहाकडे जुना आराखडा घेऊन परत जा. प्रत्येक दगड जागेवर आहे का ते आराखड्याशी ताडा, त्याच चार बाजूंनी फोटो घ्या आणि बदल झाला असेल तर तारखेसह त्याच आठवड्यात तिन्ही कार्यालयांना लेखी कळवा.